निळा डबा सलग तीन गुरुवार भरलेलाच राहिला

तिसऱ्या गुरुवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर बाबा ड्राइव्हवेच्या, म्हणजे गाडी घरापर्यंत न्यायच्या वाटेच्या, टोकाला उभे, चष्मा कपाळावर, आणि निळ्या डब्याच्या दांडीला अडकवलेली केशरी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचत होते. डबा तसाच, काठोकाठ. गल्लीतल्या बाकी सगळ्यांचे डबे रिकामे होऊन आत गेलेले, आमचा एकटा रस्त्यावर उभा. बाबा म्हणाले, "अगं, मी पहाटे साडेपाचला ठेवला होता, गाड्या आल्या, मी आवाज ऐकला, काळा उचलला, हिरवा उचलला आणि हा सोडून गेले. तिसऱ्यांदा झालं हे." आवाजात राग नव्हता, वाईट वाटलं होतं त्यांना, कारण कचऱ्याचं काम त्यांनी पुण्याहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी स्वतःहून मागून घेतलं होतं, "तुम्ही दोघं दमून येता, एवढं तरी मला करू द्या" म्हणून.

हे सगळं सविस्तर लिहितेय कारण उन्हाळ्यात आई-बाबा येतात तेव्हा इथे अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत थोड्याफार फरकाने हेच होतं, आणि शहराकडून जे पत्रक येतं त्यात फक्त काय करा ते असतं, का करा ते नसतं. बाबांसारख्या माणसाला का ते कळलं की पुढचं सांगावं लागत नाही. मलाही दहा वर्षं इथे राहून यातलं अर्धं माहीत नव्हतं, हे मला या तीन आठवड्यांत कळलं.

आधी जागा सांगते. कॅलिफोर्नियात बे एरियातलं, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचं, एक लहान शहर, आमची गल्ली म्हणजे कल-डि-सॅक, पुढे रस्ता बंद, टोकाला गोल, सात घरं. प्रत्येक घराला चाकांचे तीन डबे. इथे त्याला कार्ट म्हणतात, घरात आम्ही डबाच म्हणतो. काळा लहान ३२ गॅलनचा, त्यात जमिनीत पुरायला जाणारा कचरा, हिरवा ६४ गॅलनचा, त्यात बागेतला पाला आणि स्वयंपाकघरातलं ओलं, आणि निळा रिसायकलिंगचा सगळ्यात मोठा, ९६ गॅलन म्हणजे ३६० लिटरच्या वरच. हिरव्यात खरकटं टाकणं कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, २०१६ साली केलेल्या एसबी १३८३ या कायद्याने, आणि डब्यांचे रंगही त्याच कायद्याने राज्यभर हळूहळू सारखे होतायत. आईला हा भाग लगेच पटला, चहाचा चोथा, भाजीची देठं, केळीची सालं वेगळी ठेवायची तिची सवय जुनीच. तीन डबे म्हणजे तीन वेगळ्या गाड्या, तीन वेगळे ड्रायव्हर, सगळे गुरुवारी सकाळी पण वेगवेगळ्या वेळी. डबे आदल्या संध्याकाळी सहानंतर बाहेर काढायचे, सकाळी सहाच्या आत जागेवर हवेत, आणि त्याच दिवशी रात्रीपर्यंत परत आत.

आता बाबांची बाजू. कोथरूडला आमच्या सोसायटीत 'स्वच्छ'च्या ताई येतात. स्वच्छ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था, २००८ पासून पुणे महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करते. ताई दारात येतात, ओला-सुका हातात घेतात, काही चुकलं तर तिथल्या तिथे सांगतात, "काका, हे डायपर कागदात गुंडाळून वेगळं द्या ना." बाबा त्यांना उन्हाळ्यात पाणी विचारतात, त्यांच्या मुलीच्या दहावीचे मार्क बाबांना पाठ आहेत. कचरा म्हणजे एका माणसाने दुसऱ्या माणसाच्या हातात द्यायची गोष्ट, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. घंटागाडी आली तरी आपण घंटा ऐकून खाली पळतो आणि कोणाच्या तरी हातात बादली देतो. इथे हात नाहीत. म्हणजे आहे, एकच, लोखंडी, गाडीच्या कुशीतून बाहेर येणारा, आणि त्या हाताला बोलता येत नाही.

हा हात तसा जुना आहे. १९६९ मध्ये ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेल शहराने पहिली अशी गाडी रस्त्यावर आणली, तिचं नाव गॉडझिला ठेवलं होतं. त्याआधी मागे लटकणारी माणसं उन्हातान्हात पिंपं उचलून कंबर मोडून घ्यायची. गाडीला हात आला आणि ड्रायव्हर एकटा केबिनमध्ये बसून सगळं करायला लागला. पण हाताला पकडता येईल असा एकाच घाटाचा डबा सगळ्यांकडे हवा, आणि तो हाताला सापडेल अशाच जागी हवा. कचरा ठेवायचे इथले बहुतेक नियम या हातामुळे आलेत. मला हे आधी कळलं असतं तर मी बाबांना पत्रक वाचायला दिलंच नसतं, सरळ गाडी दाखवली असती.

तर तीन आठवड्यांत काय काय झालं. आमच्या डोअरबेलला कॅमेरा आहे, त्यात तिन्ही गुरुवारचं रेकॉर्डिंग सापडलं, आणि शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर आम्ही चौघं सोफ्यावर बसून ते बघत होतो, क्रिकेटचा रीप्ले बघावा तसं मागे-पुढे करून.

पहिला गुरुवार. बाबांनी तिन्ही डबे ओळीत लावलेत, अगदी सरळ रेषेत, आणि तिन्हींच्या दांड्या रस्त्याकडे. मी विचारलं बाबा दांडी रस्त्याकडे का केलीत, तर म्हणाले, "ज्याला उचलायचंय त्याच्याकडे दांडी करावी ना, आपण बादली देताना देतो तशी." मला काही बोलताच आलं नाही, कारण ती रीत बरोबरच होती, फक्त घेणारा वेगळा होता. दांडीच्याच बाजूला झाकणाची बिजागरी असते. हात डबा धरून वर नेतो आणि गाडीच्या पोटात उलटा करतो. झाकण रस्त्याकडे उघडत असेल तर डबा उलटताना ते आपोआप बाजूला लोंबतं आणि आतलं सगळं मोकळं खाली पडतं. दांडी रस्त्याकडे असेल तर बिजागरी खाली येते, झाकण डबा आणि गाडीची कड यांच्यामध्ये चेपतं, अर्धा कचरा आत अडकतो आणि कधी कधी बिजागरीच तुटते. म्हणून चाकं आणि दांडी घराकडे, झाकणाचं तोंड रस्त्याकडे. काळ्या आणि हिरव्याच्या ड्रायव्हरांनी त्या दिवशी तसेच उचलले, निळ्याच्या ड्रायव्हरने नाही उचलला. रेकॉर्डिंग बघून झाल्यावर नवरा टॉर्च घेऊन बाहेर गेला आणि काळ्याची डावीकडची बिजागरी उखडलेली निघाली, दोन आठवडे आमच्या लक्षातही आलं नव्हतं. आणि झाकणावर बाण कोरलेला आहे, रस्त्याच्या दिशेने, प्लॅस्टिकमध्येच उमटवलेला, काळ्यावर काळा. टॉर्च तिरका धरला तेव्हा दिसला. एवढी महत्त्वाची खूण त्याच रंगात का करावी हे मला खरंच समजत नाही, साठीच्या पुढच्या माणसाला ती दिसणार कशी.

दुसरा गुरुवार. तोपर्यंत मी सांगितलं होतं की दांडी घराकडे, तर ते बरोबर. पण त्या आठवड्यात नवीन टीव्ही आला होता आणि त्याचा खोका बाबांनी उभा खोचला, झाकण चांगलं फूटभर उघडं. आणि बाकीचं सगळं रिसायकलिंग, म्हणजे दुधाचे कॅन, दह्याचे डबे, वर्तमानपत्रं, सगळं धुऊन पुसून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून वर गाठ मारलेली, कोथरूडला सुका कचरा देतात तसंच. ताईंसाठी बांधलेली पिशवी सोयीची असते, घेऊन पुढे जाता येतं. इथे हा माल मोठ्या यंत्रावर जातो, फिरत्या चकत्यांच्या चाळणीवरून कागद आणि डबे वेगळे होतात, आणि पिशवी त्या चकत्यांच्या दांड्याला गुंडाळली जाते. मग मशीन बंद करून माणसाला आत उतरून ती सुरीने कापावी लागते. शिवाय बांधलेल्या पिशवीत काय आहे ते दिसत नाही. पूर्वी याकडे थोडा काणाडोळा व्हायचा कारण इथला बराच माल जहाजाने चीनला जायचा. २०१८ च्या सुरुवातीपासून चीनने तो घेणं जवळजवळ थांबवलं, अर्ध्या टक्क्याच्या वर घाण चालणार नाही म्हणाले, आणि तेव्हापासून इथे निळ्या डब्यात काय आहे ते गाडीवरच्या कॅमेऱ्यातून बघायला लागले.

झाकणाचं मला जास्त लागलं. उघड्या झाकणाचा डबा उचलला की वरचं उडतं, रस्त्यावर पडतं, गटारात जातं. आणि आमच्याकडच्या रस्त्यावरच्या गटारांचं पाणी सांडपाण्याच्या प्लांटला जात नाही, सरळ नाल्यातून खाडीत जातं, गटाराच्या तोंडाशी माशाचं चित्र काढून तसं लिहिलेलंच असतं. म्हणजे आमचा थर्मोकोलचा तुकडा समुद्रपक्ष्याच्या पोटात. बाबांना हे सांगितलं तर ते गप्प झाले आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजमधला प्रत्येक खोका त्यांनी कटरने कापून सपाट केला, अजूनही करतात.

त्या दिवशीही चिठ्ठी लावली होती, पण आईला वाटलं पिझ्झाची जाहिरात, तिने ती निळ्याच डब्यात टाकली. मग बाबांना कळणार कसं.

तिसरा गुरुवार. दांडी बरोबर, झाकण बंद, पिशव्या नाहीत. पण आई-बाबांना योसेमिटीला न्यायला आम्ही मोठी गाडी भाड्याने आणली होती, ती कर्बला, म्हणजे फुटपाथच्या उंच कडेला, लावलेली, आणि निळा डबा तिच्या मागच्या बंपरपासून जेमतेम दीड फुटावर. चिठ्ठीवर तीन चौकटी छापलेल्या होत्या, त्यात 'फार जवळ' या चौकटीत बरोबरची खूण. कचरा उचलणाऱ्या कंपनीला फोन केला, पलीकडची बाई फार नीट बोलली, म्हणाली आमच्याकडे फोटो आहे, तुम्हाला हवं तर जादा पैसे भरून परवा गाडी पाठवते, नाहीतर पुढच्या गुरुवारी ठेवा. आम्ही थांबलो.

पुढच्या गुरुवारी मी ऑफिसला उशिरा गेले. बाबा आणि मी चहाचे कप घेऊन सहा चाळीसपासून बाहेर उभे. निळ्या डब्याची गाडी सात दहाला आली. बाबांनी पहिली गोष्ट बघितली ती ही की ड्रायव्हर उजवीकडे बसलेला! "अरे, हा तर आपल्यासारखा!" अशा गाड्यांना उजवीकडेही स्टिअरिंग असतं, कारण हात उजव्या बाजूला असतो आणि तो त्याला डोळ्याने दिसायला हवा. आमच्या गोलात गाडी उजवा कर्ब धरून घड्याळाच्या उलट फिरते. थांबते, हात बाहेर येतो, दोन बोटं उघडतात, आणि हे मी आधी कधी नीट बघितलंच नव्हतं, बोटं डब्याच्या दोन्ही बाजूंनी चांगली रुंद उघडतात आणि मग मिटतात. बाजूला दुसरा डबा खेटून असेल तर बोट त्यालाच आधी लागणार. मेलबॉक्सचा खांब असेल तर खांबाला. गाडी असेल तर गाडीला. तीन फूट अंतर ठेवा म्हणतात ते एवढ्यासाठी, डब्याडब्यात तीन फूट आणि गाडी, खांब, झाड यांच्यापासूनही तीन. मग धरला, वर, उलटा, दोनदा झटकला, खाली. बाबांनी घड्याळ लावलं होतं, दहा सेकंद.

शेवटच्या घरापाशी ड्रायव्हरने आम्हाला उभं बघून काच खाली केली. मी विचारलं, तर तो मिनिटभर बोलला. दिवसाला हजाराच्या आसपास घरं असतात म्हणाला, आणि खाली उतरून डबा सरळ करणं त्याला जमत नाही असं नाही, पण प्रत्येक वेळी उतरणं म्हणजे गाडी उभी, मागून येणाऱ्या गाड्या, आणि उतरताना-चढताना पाय घसरायची भीती. त्याचा एक सहकारी तसाच जखमी झाला होता, त्याचं नाव त्याने घेतलं आणि क्षणभर थांबला. हे काम अमेरिकेत सगळ्यात धोक्याच्या कामांत मोडतं, २०२३ च्या सरकारी आकड्यांत पूर्णवेळ काम करणाऱ्या दर लाख लोकांमागे ४१ मृत्यू. आणि गोल गल्लीत कोणी आडवी गाडी लावली की त्याला रिव्हर्स घ्यावा लागतो, एवढ्या मोठ्या गाडीने रिव्हर्स, मागे सायकलवर पोरं. त्याला सगळ्यात नको असतो तो रिव्हर्स. त्याने आमच्या डब्याकडे बघितलं, अंगठा वर केला आणि गेला. बाबा त्याला "थँक यू सर" म्हणाले, आणि मला म्हणाले, "याला आपण तीन आठवडे किती त्रास दिला बघ."

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण खरी चूक त्यानंतर झाली, आणि ती कुठल्याही चिठ्ठीवर आली नाही.

तीन फुटांचं अंतर बाबांनी मनावर घेतलं. त्यात पुढच्या आठवड्यात समोरच्यांकडे पाहुणे, त्यांची गाडी आमच्या कर्बला. तर बाबांनी काय केलं, निळा डबा कर्बच्या वर, फुटपाथवर चढवून ठेवला, गाडीपासून पूर्ण तीन फूट मोजून. हात पोचला, डबा रिकामा झाला, कोणी काही बोललं नाही. बाबा खूश. पण कंपनीने हातापुरतंच बघितलं. साडेसातला कोपऱ्यावरच्या घरातल्या आजी नेहमीप्रमाणे फिरायला निघाल्या, वॉकर घेऊन. आमचा फुटपाथ साडेचार फुटांचा आणि डबा जवळजवळ तीन फूट खोल, राहिला दीड फूट. त्या आल्या, थांबल्या, एकदा डब्याकडे बघितलं, मग वॉकर आधी कर्बवरून खाली रस्त्यावर टेकवला, मग एक पाय, मग दुसरा, आणि पाहुण्यांच्या गाडीच्या बाहेरून, रस्त्याच्या मधून चालायला लागल्या. त्याच वेळी हिरवी गाडी गोलात वळत होती. बाबांनी हे खिडकीतून बघितलं आणि चपला न घालता तसेच धावले.

काही झालं नाही. ड्रायव्हरला त्या दिसल्या होत्या, तो थांबलाच होता. पण बाबा आत आल्यावर बराच वेळ खुर्चीत बसून राहिले, आईने पाणी दिलं ते नुसतं हातात धरून. मग म्हणाले, "मी गाडीच्या हाताचा विचार केला, माणसाच्या पायाचा केलाच नाही."

मलाही तेव्हा पत्रकातली ती ओळ पहिल्यांदा नीट दिसली, फुटपाथ आणि सायकलची लेन अडवू नये. अपंगांसाठीच्या एडीए कायद्याच्या मानकांत चालायची वाट कमीत कमी ३६ इंच मोकळी लागते, व्हीलचेअर जायला तेवढी हवीच. आणि आपण सगळेच, मी इथे खूप घरं बघितलीयत, डबा गाडीवाल्याला सोपा जावा किंवा आपली कार काढता यावी म्हणून सर्रास फुटपाथवर चढवतो, आणि तो दिवसभर तिथेच, कारण सगळे ऑफिसात. बाबागाडी घेऊन जाणारी आई, काठीवाला माणूस, सगळे रस्त्यावर उतरतात. माझ्या मते बाकी सगळे नियम एकीकडे आणि हा एक एकीकडे. बाकीचे मोडले तर फार तर डबा भरलेला राहतो.

त्या शनिवारी बाबांनी नवऱ्याची मोजपट्टी घेतली. निळा अडीच फूट रुंद, हिरवा दोन, काळा पावणेदोन, झाले सव्वासहा. मधली दोन अंतरं तीन-तीन फुटांची, झाले सव्वाबारा. एका बाजूला मेलबॉक्सपासून तीन आणि दुसऱ्या बाजूला उभ्या गाडीपासून तीन, एकूण सव्वाअठरा फूट. आणि आमच्या घरापुढचा कर्ब, ड्राइव्हवेचा उतार सोडून, भरला चौदा फूट. गोलातल्या घरांचं असंच असतं, प्लॉट मागे रुंद आणि पुढे चिंचोळा, पुढचं अर्ध्याहून जास्त ड्राइव्हवेतच जातं. म्हणजे कर्बला एकही गाडी नसती तरी मेलबॉक्सपासूनचे तीन फूट धरून सव्वा फूट जागा कमीच पडली असती. बाबा वहीत आकडे मांडून म्हणाले, "हे कितीही नीट ठेवलं तरी बसणारच नाही गं, जागाच नाहीये." इतके दिवस ते स्वतःला निष्काळजी समजत होते.

मग उपाय काय. पहिला विचार असा की ड्राइव्हवेच्या तोंडाशी रस्त्यावर दोन डबे ठेवायचे, पण नवरा साडेसातला गाडी काढतो आणि निळी गाडी कधी सात दहाला येते, कधी नऊला. त्याने बुधवारी रात्री कार पुढच्या सरळ रस्त्यावर नेऊन लावायची, हे ठरलं, त्याने कुरकुर केली नाही. दुसरं, सगळे डबे दर आठवड्याला बाहेर काढायचेच कशाला? आमचा काळा तर हिरव्यात ओलं गेल्यापासून अर्धाही भरत नाही, तो एक आड एक गुरुवारी. तिसरं जरा अवघड होतं, शेजाऱ्यांशी बोलणं. बाबांना इंग्रजी समजतं पण बोलायला संकोच, तरी रविवारी आईने केलेल्या बेसनाच्या वड्या डब्यात घालून ते आणि मी सहा घरी गेलो. मला वाटलं होतं लोक म्हणतील हे कोण आले शिकवायला. तसं झालं नाही. डावीकडच्यांनी सांगितलं की त्यांचाही हिरवा दोनदा राहिला होता, त्यांना वाटलं कंपनीच नीट काम करत नाही. सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली, बुधवारी रात्रीपासून गुरुवारी दुपारपर्यंत गोलात कर्बला कोणी गाडी लावायची नाही, पाहुण्यांचीसुद्धा नाही. त्याने प्रत्येकाला जागा मिळते आणि गाडीला रिव्हर्स लागत नाही. पाच घरं लगेच हो म्हणाली. एका घरी तीन मुलं कॉलेजात, पाच गाड्या, ते म्हणाले प्रयत्न करतो, आणि खरोखर करतात, महिन्यातून एखादा गुरुवार चुकतो.

बाबांनी कर्बच्या कडेला खडूने खुणा केल्या, चाकं कुठे टेकवायची त्या. आमच्या शहरात डबे रस्त्यावर, चाकं कर्बला टेकवून ठेवायचे असतात. हे सगळीकडे सारखं नाही हं, माझी मावसबहीण मिनेसोटाला आहे, तिथे हिवाळ्यात बर्फ सारणारा नांगर रस्त्यावरून फिरतो म्हणून डबे ड्राइव्हवेवरच ठेवावे लागतात. तेव्हा आमची मापं उचलून वापरू नका, तुमच्या शहराचं पत्रक बघा. पण हात कुठून येतो, किती रुंद उघडतो, आणि माणूस कुठून चालतो हे एकदा उभं राहून बघा, अर्धं तिथेच कळतं.

मध्ये एक वेगळीच गोष्ट निघाली. बाबांनी त्यांची जुनी बँकेची पत्रं आणि विम्याचे कागद निळ्यात टाकले होते, आणि डबा तीन आठवडे भरलेला म्हणजे तेही तीन बुधवार-गुरुवार रस्त्यावर. १९८८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कॅलिफोर्नियातल्याच ग्रीनवूड खटल्यात ठरवलं की कर्बला ठेवलेल्या कचऱ्यावर तुमचा खासगीपणाचा हक्क राहत नाही, पोलीस वॉरंटशिवाय बघू शकतात. पोलिसांचं जाऊ दे, कोणीही रात्री झाकण उघडून बघू शकतं. आम्ही हात घालून ते सगळे कागद बाहेर काढले. आता ते घरी फाडतो, आणि बारीक चिंध्या निळ्यात सुट्या टाकत नाही, त्या चाळणीतून खाली पडतात आणि काचेत मिसळतात.

त्यानंतर नऊ गुरुवार गेले. निळा नऊही वेळा रिकामा झाला. चिठ्ठी एकदाच आली, हिरव्याला, कारण आईने कढीपत्त्याचं रोप कुंडीसकट टाकलं होतं.

राहिल्या कोपऱ्यावरच्या आजी. वड्या घेऊन गेलो तेव्हा त्यांचं कळलं. त्या एकट्या राहतात, डबे त्यांचा भाचा बुधवारी संध्याकाळी येऊन बाहेर काढतो आणि शुक्रवारी येऊन आत नेतो, म्हणून त्यांचेच डबे दोन रात्री बाहेर असतात आणि त्यावरून त्यांना एकदा शहराकडून पत्रही आलं होतं. ते पत्र त्यांनी जपून ठेवलं होतं, दाखवताना हात थरथरत होता. मी घरी येऊन शोधलं तर आमच्या शहरात, आणि इथल्या पुष्कळ शहरांत, ज्यांना डबा ढकलता येत नाही त्यांच्यासाठी सोय आहे, डॉक्टरचं एक पत्र जोडून अर्ज करायचा, मग ड्रायव्हर खाली उतरून घराच्या बाजूच्या गेटपासून डबा नेतो आणि परत ठेवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पत्रकाच्या मागच्या पानावर अगदी तळाशी दोन ओळीत लिहिलंय. सात वर्षं त्या तिथे राहतात, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मला याचा फार राग आला आणि अजून आहे. ही सोय पहिल्या पानावर ठळक अक्षरात हवी, आणि ज्या घराला डबे बाहेर राहिल्याचं पत्र पाठवता त्याच पत्रात हवी.

अर्ज आम्ही त्यांच्या टेबलावर बसून भरला. बाबा शेजारी बसून होते. तीन आठवड्यांनी मंजुरी आली.

पहिल्या गुरुवारी बाबा सहापासून खिडकीत. निळी गाडी गोलात आली, आजींच्या घरापाशी थांबली, पिवळे दिवे लागले, उजवीकडचं दार उघडलं आणि तोच ड्रायव्हर खाली उतरला. गेटपाशी गेला, डबा दांडीला धरून तिरका केला, ढकलत कर्बपर्यंत आणला, वर जाऊन हात चालवला, पुन्हा उतरला, डबा परत गेटच्या आत नेऊन ठेवला. आजी दारात उभ्या होत्या. तो काहीतरी बोलला, त्या हसल्या. बाबांनी घड्याळ लावलं होतं. दोन मिनिटं वीस सेकंद.